रिमोट नोकरी, बेताचा पगार आणि परदेशातलं राहणं

मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे "तिकडे भाडं किती पडतं गं?" आणि असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी आता उलटा प्रश्न विचारते, की तुझा पगार किती ते राहू दे, तो कागदावर कसा दिसतो ते सांग. म्हणजे दर महिन्याला एकाच कंपनीकडून, एकाच खात्यात, साधारण एकाच तारखेला येतो का, काँट्रॅक्टमध्ये कुठूनही काम करायची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे का, आणि तू जो आकडा मनात धरून चाललीयस तो टॅक्स कापायच्या आधीचा की नंतरचा. बेताच्या पगारात तुम्ही कुठल्या देशात राहू शकता हे भाड्याच्या खूप आधी व्हिसाच्या फॉर्मवरचा उत्पन्नाचा रकाना ठरवतो, आणि हे मला सुरुवातीला कुणी नीट सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

आधी माझं थोडक्यात. मी एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी कस्टमर सपोर्ट करते आणि हेल्प पेजेस लिहिते. कोड लिहीत नाही, शेअर वगैरे काही मिळत नाहीत, पगार वेळेवर येतो आणि महिना नीट निघतो एवढाच. कंपनी एका देशात, मी दुसऱ्या देशात, घरचे लोक तिसऱ्या देशात, आणि हे असं गेली काही वर्षं चाललंय. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण एकदा नाव आलं की सगळी चर्चा त्या एका शहरातल्या भावांवर जाते आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही शहराला लागू आहे.

तर व्हिसा. २०२० च्या जुलैमध्ये बार्बाडोसनं, बाहेरच्या कंपनीचं काम तिथे राहून करणाऱ्यांसाठी, वेलकम स्टॅम्प नावाचा व्हिसा काढला, पुढच्याच महिन्यात एस्टोनियानं असाच डिजिटल नोमॅड व्हिसा सुरू केला, आणि मग एकामागून एक देश रांगेत आले. बातम्या वाचून वाटायचं की आता काय, लॅपटॉप उचलायचा आणि निघायचं. पण अटी बघा. बार्बाडोसला वर्षाला ५०,००० डॉलर उत्पन्न लागतं. ग्रीसला महिन्याला ३,५०० युरो, तेही टॅक्स जाऊन हातात येणारे. आइसलँडला महिन्याला १० लाख क्रोना. जपाननं मार्च २०२४ मध्ये त्यांचा व्हिसा आणला, त्याला वर्षाला १ कोटी येन उत्पन्न हवं, आणि एवढं दाखवून राहायला मिळतात ६ महिने, मुदतवाढ नाही, वर रेसिडेन्स कार्ड पण मिळत नाही. आता रेसिडेन्स कार्ड नाही याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय तर बँकेत खातं उघडणं जवळजवळ अशक्य आणि नेहमीच्या भाडेकराराचं घर मिळणं पण तितकंच अवघड, म्हणजे मग फर्निचरसकट महिन्याच्या बोलीवर मिळणारी घरं घ्यायची, जी कुठल्याही शहरात सगळ्यात महाग असतात. हा व्हिसा ज्यांना तसंही काही अडत नाही अशांसाठी आहे, आणि त्यात चूक काही नाही, त्यांचा देश, त्यांचा नियम. पण बेताच्या पगाराच्या माणसानं त्याच्यामागे वेळ घालवू नये.

पोर्तुगालचं उदाहरण मी सगळ्यांना देते कारण त्यात सगळं गणित उघडं दिसतं. ऑक्टोबर २०२२ पासून त्यांचा रिमोट कामाचा व्हिसा आहे, लोक त्याला डी-८ म्हणतात, आणि त्याची अट म्हणजे तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न. २०२३ मध्ये किमान वेतन होतं ७६० युरो म्हणजे तुम्हाला लागणार ३,०४०. २०२४ मध्ये ते ८२० झालं, अट गेली ३,२८० वर. २०२५ मध्ये ८७०, अट ३,४८०. बघा म्हणजे दोन वर्षांत अट ४४० युरोंनी वर सरकली आणि त्यासाठी व्हिसाच्या नियमात एक अक्षरही बदलावं लागलं नाही. किमान वेतन वाढतं ही तिथल्या लोकांसाठी चांगलीच गोष्ट आहे, ते वाढलंच पाहिजे, पण माझ्यासारख्यांचा पगार त्या वेगानं वाढत नाही. आज जेमतेम बसणारा माणूस दीड वर्षानं बाहेर पडू शकतो. म्हणून मी म्हणते की अट आणि पगार यात किमान २० टक्के फट असेल तरच त्या देशाचा विचार करायचा, काठावर पास होऊन घर हलवायचं नाही.

मग आपल्यासाठी काय उरतं? उरतं, बरंच उरतं. स्पेनची अट किमान वेतनाच्या दुप्पट आहे, कोलंबियाची तिप्पट, पण तिथलं किमान वेतनच कमी असल्यामुळे ती तिप्पट आवाक्यात येते. मॉरिशसच्या प्रीमियम व्हिसाला महिन्याला १,५०० डॉलर पुरतात आणि अर्जाची फी नाही. ब्राझीलला पण महिन्याला १,५०० डॉलर, किंवा खात्यात १८,००० डॉलर असल्याचं दाखवायचं. मलेशियाच्या डीई रांताऊ पासला टेक क्षेत्रातल्या लोकांसाठी वर्षाला २४,००० डॉलर पुरतात, बाकीच्यांना मात्र ६०,०००, त्यामुळे तुमच्या हुद्द्यात नक्की काय लिहिलंय याला तिथे फार महत्त्व येतं. आणि थायलंडनं जुलै २०२४ मध्ये जो डीटीव्ही म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा काढला त्यात त्यांनी वेगळाच रस्ता धरला, महिन्याच्या पगाराचा ठरावीक आकडा मागत नाहीत, खात्यात ५ लाख बात शिल्लक दाखवा म्हणतात, व्हिसा ५ वर्षांचा आणि एका वेळी १८० दिवस राहायचं. ज्याचा पगार कमी पण हात आखडून वर्षानुवर्षं साठवलंय अशा माणसाला हा चालतो. हे सगळे आकडे बदलत राहतात, अर्ज करायच्या आठवड्यात त्या देशाच्या वकिलातीच्या पानावर जाऊन बघायचं, माझ्या किंवा कुणाच्याही जुन्या लिखाणावर विसंबायचं नाही.

आता कागदांबद्दल, कारण पगार पुरेसा असूनही लोक इथे अडकतात. बँक स्टेटमेंट सलग महिन्यांची लागतात आणि त्यात पगार म्हणून ओळखता येईल अशी एक ओळ दर महिन्याला दिसावी लागते. तीन वेगवेगळ्या ॲपमधून तुकड्यातुकड्यानं आलेले पैसे बेरजेला बरोबर असले तरी खिडकीपलीकडच्या माणसाला त्यात पगार दिसत नाही. कंपनीचं पत्र लागतं, काही ठिकाणी कंपनी किती वर्षं चालू आहे याचा पुरावा, गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला, तो पण ताजा, आणि त्यावर अपॉस्टिलचा शिक्का, म्हणजे कागद खरा आहे हे दुसऱ्या देशानं मानावं म्हणून आपल्या सरकारनं मारलेला शिक्का. हे अपॉस्टिल १९६१ च्या हेग करारातून आलंय, करारात नसलेल्या देशाचा कागद असेल तर वकिलातीच्या आणखी दोन-तीन चकरा वाढतात. मग अधिकृत अनुवाद, पानागणिक पैसे. या सगळ्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती म्हणजे क्रम. पोलिसांच्या दाखल्याची मुदत थोडी असते म्हणून तो शेवटी काढायचा, कंपनीचं पत्र आधी मागायचं कारण त्याला एचआरमध्ये आठवडे लागतात, आणि पगाराचं खातं तर अर्जाच्या निदान सहा महिने आधीच एक करून ठेवायचं.

पण खरा खर्च राहण्याचा नसतो, हलण्याचा असतो. मला या पोस्टमधून एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी हीच सांगितली असती. व्हिडिओंमध्ये दिसणारं आयुष्य म्हणजे महिना इथे, महिना तिथे, आणि तो प्रकार भरपूर पगारवाल्यांनाच परवडतो. दर वेळी हलताना काय काय जातं ते मांडून बघा. तिकीट, सामानाचे जादा पैसे, पहिले दोन-तीन आठवडे रोजच्या भावाची जागा, नव्या घराचं डिपॉझिट द्यायचं असतं तेव्हा जुन्याचं परत आलेलं नसतं, एजंटचे पैसे, नवीन सिम, नवीन पास, गादी, भांडी, दिवा, एक्स्टेन्शन बोर्ड, आणि कामाचे जे दिवस बुडतात ते वेगळेच. एकाच जागी वर्षाचा करार करून राहणाऱ्याला हे सगळं एकदाच लागतं आणि मग बारा महिन्यांवर वाटलं जातं. माझं स्वतःचं बजेट पहिल्या वर्षी ओढाताणीचं होतं, दुसऱ्या वर्षी त्याच घरात, त्याच पगारात मी पैसे बाजूला टाकू लागले. त्या वर्षात नवीन काहीच घडलं नाही, फक्त मी कुठे हलले नाही.

वर्षाचा करार मिळवणं मात्र सोपं नाही हे पण सांगते. माझी घरमालकीण वयस्कर आहे, तिनं माझं काँट्रॅक्ट एकेक पान उलटून बघितलं, कंपनीच्या पत्त्यावर बोट ठेवलं आणि फोनवरच्या अनुवादाच्या ॲपमधून विचारलं की ऑफिस इथे नाही तर उद्या तू पळून गेलीस तर मी कुणाला विचारू. प्रश्न अगदी रास्त होता. तिला स्थानिक हमीदार हवा होता आणि माझा इथे कुणीच नव्हता. मग मी सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट दाखवली, कंपनीच्या एचआरचा ईमेल आणि फोन दिला, आधीच्या घराच्या मालकाचं भाडं वेळेवर दिल्याचं पत्र दिलं, ते पण मी मागून घेऊन अनुवाद करून ठेवलं होतं. ती पत्राकडे बराच वेळ बघत बसली आणि हो म्हणाली, दोन महिन्यांच्या डिपॉझिटवर. त्यामुळे कुठलंही घर सोडताना मालकाकडून असं पत्र घ्यायचंच, त्याला काही पैसे पडत नाहीत आणि पुढच्या शहरात जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही तिथे तेच तुमच्या बाजूनं बोलतं.

काही लोक हे सगळं टाळून टुरिस्ट व्हिसावर फिरत राहतात. मी त्यांना दोष देत नाही पण बेताच्या पगारात त्याचा ताण फार पडतो. शेंगेनचा, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा, नियम आहे कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि बहुतेकांना वाटतं की ९० झाले, एक दिवस बाहेर जाऊन आलं की पाटी कोरी. तसं नाही, हे १८० दिवस रोज पुढे सरकतात, आजपासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आत किती दिवस होतात ते बघायचं, येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरून. पूर्वी हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजायचे, १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची यंत्रणा चालू झालीय, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात आणि मोजणी कॉम्प्युटरच करतो. आणि मुळात टुरिस्ट व्हिसावर दुसऱ्या देशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर केलं तर ते चालतं का, याचं उत्तर देशागणिक वेगळं आहे आणि कित्येक ठिकाणी सरळ नाही असं आहे. ज्याच्याकडे परत जायच्या तिकिटाचे पैसे नेहमी जेमतेमच असतात त्यानं सीमेवर असल्या प्रश्नाला तोंड द्यायला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

पैसे कसे येतात हा पुढचा विषय आणि यात पण सावकाश बघण्यासारखं खूप आहे. पगार डॉलरमध्ये असेल आणि स्विफ्टनं, म्हणजे देशोदेशीच्या बँकांच्या जाळ्यातून, येत असेल तर वाटेत एक किंवा दोन मधल्या बँका असतात आणि त्या आपापले पैसे कापून घेतात. पाठवताना फी कुणी भरायची याचे तीन पर्याय असतात, ओयूआर म्हणजे सगळी पाठवणाऱ्यानं, एसएचए म्हणजे वाटून, बीईएन म्हणजे सगळी घेणाऱ्यानं. मी कंपनीच्या अकाउंट्सला एक साधी विनंती केली की माझा पगार ओयूआरवर पाठवा, त्यांनी लगेच केलं, त्यांना तो एक रकाना आहे हेच माहीत नव्हतं. पण फीपेक्षा मोठा खड्डा दराचा असतो. बातम्यांत दिसणारा मधला दर आणि बँकेनं आपल्याला लावलेला दर यात फरक असतो आणि पावतीवर तो फी म्हणून कुठेच येत नाही. समजा २,००० डॉलरवर दर २ टक्क्यांनी कमी लावला, तर ४० डॉलर तिथेच गेले, वर्षाचे ४८०. घरी पैसे पाठवणाऱ्यांसाठी तर हे आणखी बोचतं, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत असा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचं लिहिलंय आणि जागतिक सरासरी अजून ६ टक्क्यांच्या वर आहे. त्यामुळे मी महिन्यातून एकदाच बदलते, बदलायच्या आधी मधला दर काय चाललाय ते बघते आणि मिळालेला दर वहीत लिहून ठेवते.

चलनाचं दुसरं दुखणं म्हणजे स्वस्त देश स्वस्तच राहील याची काही खात्री नसते. अर्जेंटिना बघा. कित्येक वर्षं डॉलर कमावणाऱ्यांना तो देश फार स्वस्त वाटायचा कारण अधिकृत दर आणि बाहेर काळ्या बाजारातला दर यात जमीन-अस्मानाचा फरक होता. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं अधिकृत दर डॉलरला साधारण ३६६ पेसोंवरून एकदम ८०० वर नेला, आणि त्यानंतर महिन्याला २ टक्क्यांनी हळूहळू सरकवत ठेवला, पण २०२४ सालात महागाई १०० टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे दुकानातले भाव डॉलरच्या दरापेक्षा कितीतरी वेगानं पळाले आणि वर्षभरात डॉलरवाल्यांसाठी तोच देश महाग झाला. उलट जपान, जुलै २०२४ मध्ये येन डॉलरला १६१ च्या आसपास गेला, १९८६ नंतरची सगळ्यात खालची पातळी, आणि बाहेरून पैसे आणणाऱ्यांना अचानक सगळं परवडू लागलं, तर येनमध्ये पगार घेऊन बाहेरच्या देशात राहणाऱ्यांचे हाल झाले. यात आपल्या हातात काय असतं? भाडं ज्या चलनात त्या चलनात निदान तीन महिन्यांचं भाडं बाजूला असावं आणि परतीचे पैसे वेगळ्या चलनात. याहून जास्त हुशारी बेताच्या पगारात परवडत नाही.

ओटीपीबद्दल लिहायलाच हवं, ते कुणीच लिहीत नाही. तुमच्या मूळ देशातल्या बँकेचा, सरकारी पोर्टलचा, कधी कधी अगदी ईमेलचा सुद्धा कोड त्या जुन्या सिमवर येतो. ते सिम रिचार्ज न करता किंवा न वापरता पडून राहिलं तर कंपनी नंबर बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देऊन टाकते. एका ओळखीच्या मुलाचा नंबर असाच गेला आणि स्वतःच्याच खात्यात शिरायला त्याला विमानाचं तिकीट काढून शाखेत जावं लागलं, त्या तिकिटात त्याची वर्षाची बचत गेली. म्हणून ते सिम सगळ्यात स्वस्त प्लॅनवर चालू ठेवायचं, त्याच्यावरून अधूनमधून एक मेसेज करायचा, जमेल तिथे कोड ऑथेंटिकेटर ॲपवर वळवायचे आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवायचे. फोन एकच असेल तर तो हरवल्या दिवशी घर, बँक आणि नोकरी तिन्ही एकदम बंद होतात.

टॅक्स. इथे मी सल्ला देणार नाही, फक्त काय बघायचं ते सांगते. बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवस राहिलात की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट होता, पण हा आकडा सगळीकडे सारखा नाही, थायलंडचा १८० आहे. दिवस कमी असले तरी तुमचं कायमचं घर आणि नातीगोती, व्यवहार कुठे आहेत यावरून सुद्धा रेसिडेन्सी ठरू शकते, दोन देशांनी एकदम हक्क सांगितला तर दोघांमधला करार काढून याच गोष्टी क्रमानं बघतात. आणि नियम बदलतात. थायलंडमध्ये पूर्वी बाहेरचं उत्पन्न पुढच्या वर्षी आणलं की टॅक्स लागायचा नाही, १ जानेवारी २०२४ पासून ती वाट बंद झाली. पोर्तुगालची नव्यानं येणाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली एनएचआर सवलत २०२४ पासून नवीन लोकांना बंद झाली. टॅक्सच्या सवलतीकडे बघून देश निवडणाऱ्यांना मी म्हणेन की सवलत नसती तरी परवडला असता का, एवढं बघा आणि मगच जा. एका चांगल्या टॅक्स सल्लागाराची एक तासाची फी हा बेताच्या पगारातला सगळ्यात वसूल झालेला खर्च आहे.

कंपनीला न सांगता देश बदलू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. तुम्ही जिथे बसून काम करता तिथे कंपनीचा टॅक्स, सोशल सिक्युरिटी, कामगार कायदे असे प्रश्न उभे राहू शकतात, आणि म्हणून बऱ्याच कंपन्या ठरावीक देशांचीच यादी देतात. काही ठिकाणी देश बदलला की पगार तिथल्या पातळीवर आणतात. मला तसं विचारलं गेलं होतं. मी लेखी उत्तर दिलं की काम तेच आहे, ग्राहक तेच आहेत, शिफ्ट मी तुमच्याच घड्याळाप्रमाणे करते, मग पगार माझ्या घराच्या पत्त्यावरून का ठरावा. माझा पगार तसाच राहिला. सगळ्यांचा राहील असं नाही, पण विचारलं पाहिजे, आणि हो-नाही जे काही ठरेल ते निघायच्या आधी लेखी घेतलं पाहिजे.

घड्याळाचं तर एक वेगळंच आयुष्य आहे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे या दोघांतलं नेहमीचं अंतर एका तासानं बदलतं. परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या, म्हणजे पुन्हा एक आठवडा गोंधळ. आणि जगातले कितीतरी देश घड्याळ हलवतच नाहीत, तिथे राहून या दोघांबरोबर काम करणाऱ्याची शिफ्ट वर्षातून चार वेळा आपोआप सरकते. दोन महिन्यांपूर्वी ठरवलेली मीटिंग एकदम जेवायच्या वेळेवर येते. रात्रीची शिफ्ट असेल तर घर निवडताना मी भाड्याइतकंच दिवसाचा आवाज बघते, कारण सकाळी झोपायचं असतं, शेजारी बांधकाम चालू आहे का, खिडकीला जाड पडदे लावता येतात का, आणि रात्री तीनला बोललं तर पलीकडच्या भिंतीतून ऐकू जातं का. झोप गेली की कामाचा दर्जा जातो, आणि रिमोट नोकरीत दर्जा सोडला तर आपल्याकडे दाखवायला दुसरं काही नसतं.

आजारपणाबद्दल थोडक्यात. ट्रॅव्हल इन्शुरन्स हा प्रवासातल्या अपघातासाठी असतो, राहणाऱ्या माणसाच्या रोजच्या औषधाला, दाताला, चष्म्याला आणि जुन्या दुखण्याला तो बहुतेक वेळा लागू होत नाही. पॉलिसीत काय मिळतं ते सगळेच वाचतात, काय मिळत नाही ते पान आधी वाचायचं. जिथे रेसिडेन्स परमिटवर सरकारी आरोग्यसेवेत नाव घालता येतं ते देश बेताच्या पगारवाल्यासाठी कागदावर महाग दिसले तरी प्रत्यक्षात स्वस्त पडू शकतात. म्हातारपणाचं पण तसंच. काँट्रॅक्टर म्हणून काम करणाऱ्याची पेन्शन कुणीच भरत नसतं, आणि तीन देशांत थोडी थोडी वर्षं काढली तर कुठेच किमान वर्षं भरत नाहीत, दोन देशांत सोशल सिक्युरिटीचा करार असेल तर ती वर्षं जोडता येतात. मी दर महिन्याला पगार आला की आधी तो भाग बाजूला काढते आणि मग भाडं. कितीही कमी असला तरी.

आणि आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं ती. आपण जिथे स्वस्त म्हणून जातो तिथले लोक ते शहर स्वस्त म्हणून राहत नसतात, त्यांचं ते घर असतं. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीत रोमा आणि कोंदेसा भागात भाडेवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. बार्सिलोनानं जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे १०,००० फ्लॅट्सचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार. यामागे मोठे गुंतवणूकदार, कमी पडणारं बांधकाम, सरकारी धोरणं अशी बरीच कारणं आहेत, सगळं काही रिमोटवाल्यांमुळे झालेलं नाही. पण किमान वेतनाच्या चौपट कमावणाऱ्यांनाच बोलवायचं असा नियम केला की भाडं कुणाच्या खिशाकडे बघून ठरणार हे उघड आहे. माझा पगार माझ्या कंपनीच्या शहरात साधा आहे, इथे तो माझ्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त आहे, हे मी रोज लक्षात ठेवते. म्हणून मी पर्यटकांचे फ्लॅट घेत नाही, स्थानिक भाषेतल्या जाहिराती वाचून स्थानिक करारावर घर घेते, मालकानं सांगितलेला पहिला आकडा परदेशी माणूस म्हणून गपगुमान मान्य करत नाही, कारण मी जे मान्य करते ते पुढच्या भाडेकरूकडे मागितलं जातं. टॅक्स इथे लागतो तर इथे भरते. भाषा शिकते, अजून अडखळते पण बिलं, नोटिसा आणि इमारतीच्या मीटिंगमधलं बोलणं आता कळतं, आणि ज्या दिवशी मीटिंगमध्ये जिन्याच्या दिव्यासाठी वर्गणी ठरली तेव्हा मला पण विचारलं गेलं, तुला पटतंय का म्हणून.

एवढं सगळं असूनही मी का राहते असं कुणी विचारलं तर कारण आहे. माझ्या कंपनीच्या शहरात याच पगारात मी तिघींबरोबर फ्लॅट वाटून घेऊन रोज दोन तास प्रवास करत राहिले असते. इथे मला एक स्वतंत्र खोली आहे, दार लावता येतं, शिफ्ट संपली की चालत वाचनालयात जाता येतं, आणि महिन्याच्या शेवटी थोडे पैसे उरतात. माझ्या दृष्टीनं हे फार आहे.

ज्यांचा पगार अजून कुठल्याच अटीत बसत नाही त्यांना मी थांबा म्हणते, पण रिकामं बसून नाही. पगाराचं खातं एक करा, कंपनीकडून कुठूनही काम करायची परवानगी लेखी मागा, परतीचं तिकीट आणि तीन महिन्यांचा खर्च एवढा निधी वेगळा साठवा आणि त्याला हात लावू नका. माझा असा निधी मी निघायच्या आधीच भरला होता, मधे घरच्या एका आजारपणात रातोरात निघावं लागलं तेव्हा तो वापरला, परत आल्यावर पहिले आठ-नऊ महिने बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो पुन्हा भरला. माझ्या परमिटची मुदत आता पुढच्या वसंतात संपतेय, एचआरच्या पत्राची विनंती या आठवड्यात टाकलीय, पोलिसांच्या दाखल्याचं अजून दोन महिन्यांनी बघेन.